जुना साचा, नवी मोटार

पाडव्याच्या गुढीला जी साखरगाठी बांधतात, ती तयार होताना पुष्कळांनी पाहिली असेल. लाकडाचा दोन फळ्यांचा साचा घ्यायचा, त्याच्या खोबणीतून दोरा ताणायचा आणि वरून साखरेचा कढत पाक ओतायचा. थोड्या वेळाने फळ्या उघडल्या की पदकांची माळ हाती येते. साचा हलवायाच्या आजोबांच्या वेळचा असतो आणि गाठी काल रात्रीची असते. आता ही गाठी जुनी म्हणायची की नवी? आपल्याकडे हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आणि गुढी उतरली की मुले गाठी खाऊन टाकतात, त्यामुळे विचारायला ती शिल्लकही राहत नाही. परंतु ज्या छंदाविषयी आम्हांला येथे बोलायचे आहे, त्यात नेमक्या याच प्रश्नावरून हिरिरीने वाद होतात आणि कित्येकांचे पैसेही बुडतात. तो छंद म्हणजे प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून मोटारीची हुबेहूब लहान प्रतिकृती जुळवण्याचा. वाद आहे तो पन्नास-साठ वर्षांपूर्वी निघालेले संच आज पुन्हा बाजारात येतात, त्यांच्याविषयी.

वाशीमसारख्या जिल्ह्याच्या गावी या विषयाचे काय काम, असे कोणी म्हणेल. पूर्वी हे म्हणणे खरे होते. असले संच मुंबईच्या एखाद्या मोठ्या दुकानात मिळत, किंवा परदेशातला मामा आणून देई. आता रिसोड, कारंजा किंवा मानोऱ्याच्या मुलालाही घरबसल्या पार्सलने पेटी मागवता येते. पेटी उघडल्यावर आईवडिलांचा पहिला उद्गार ठरलेला असतो, "एवढे पैसे दिले आणि गाडी मोडकीच आली?" तेव्हा ही मोडकी गाडी म्हणजे काय, हे आधी सांगितलेले बरे.

पेटीत गाडी नसते, गाडीचे भाग असतात. पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकच्या चौकटी असतात आणि त्यांना, डहाळीला कैऱ्या लोंबाव्यात तसे, शंभर-सव्वाशे लहान भाग चिकटलेले असतात. इंजिनाचे दोन अर्धे, चाके, धुरे, आसने, सुकाणू, दिव्यांच्या काचा, सगळे निरनिराळे. डहाळी ही काही शोभेची नव्हे. वितळलेले प्लॅस्टिक ज्या वाटेने साच्यात शिरले त्या वाटेचा तो ठसा आहे. एकेक भाग कापून काढायचा, कडा घासायची, रंग द्यायचा आणि नकाशात दाखवल्याप्रमाणे जोडायचा. जोडण्यासाठी जो द्रव वापरतात तो गोंदासारखा चिकटत नाही. तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो आणि त्या एकमेकींत मिसळून एकजीव होतात. सुताराच्या सरसापेक्षा लोहाराच्या डागण्याशी या कृतीचे नाते जवळचे आहे.

मोटारींच्या संचांत दोन प्रमाणे फार चालतात, एकास चोवीस आणि एकास पंचवीस. पहिल्याचा हिशोब सोपा आहे. मूळ गाडीतला एक फूट म्हणजे प्रतिकृतीत अर्धा इंच. आपल्या ओळखीची अॅम्बेसेडर सुमारे ४.३ मीटर लांब होती. पंचवीसने भागले की ती १७ सेंटिमीटरांची, म्हणजे वितीपेक्षा थोडी कमी होईल. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी दोरी बांधून ओढण्यासाठी असतो. ही गाडी ओढण्यासाठी नसते. तिचे बॉनेट उचलून आत पाहायचे असते.

या छंदाचा सगळा जीव आहे साच्यात. पोलादाचे दोन जड ठोकळे असतात. त्यांच्या समोरासमोरच्या तोंडांवर प्रत्येक भागाचा उलटा ठसा कोरलेला असतो. दोन्ही ठोकळे घट्ट मिटले की तापवून पातळ केलेले प्लॅस्टिक मोठ्या दाबाने आत ढकलतात. ते थोड्याच वेळात निवते, ठोकळे उघडतात आणि चौकट बाहेर पडते. यंत्राला हे काम करायला एक मिनिटही लागत नाही. वेळ लागतो तो साचा कोरायला. जुन्या काळी कारागीर आधी प्रत्येक भागाचा मोठा लाकडी नमुना करीत. मग एका यंत्राची एक दांडी त्या नमुन्यावरून फिरे आणि दुसरी दांडी तीच आकृती लहान करून पोलादात कोरी. एका गाडीच्या साच्यात महिनेच्या महिने जात आणि पैसा पाण्यासारखा ओतावा लागे. प्लॅस्टिक स्वस्त, पेटी स्वस्त, साचा मात्र महाग. या छंदाचा अर्धाअधिक इतिहास एवढ्या एका गोष्टीवरून उलगडतो. एवढे मोलाचे पोलाद एकदा पेट्या विकून झाल्या म्हणून कोणी भंगारात घालीत नाही. ते तेल लावून ठेवून देतात आणि वीस वर्षांनी पुन्हा यंत्रावर चढवतात. ग्रंथ संपला की प्रकाशक जसे पुनर्मुद्रण काढतो, तसेच हे संचाचे पुनर्मुद्रण होय.

पहिले साचे मुलांसाठी कोरलेच नव्हते, ही यातली मौजेची गोष्ट आहे. इंग्लंडातल्या एअरफिक्स या कारखान्याने १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरची लहान प्रतिकृती केली, ती ट्रॅक्टर विकणाऱ्या प्रतिनिधींनी गिऱ्हाइकांना दाखवावी म्हणून. पुढे तीच सुट्या भागांच्या रूपाने दुकानात आली. आमच्या सोयाबीनच्या जिल्ह्यात या छंदाला एवढा एक पूर्वज तरी ओळखीचा वाटावा. अमेरिकेतही असेच घडले. मिशिगन राज्यातल्या ट्रॉय गावी १९४८ साली निघालेली एएमटी ही कंपनी, मोटारविक्रेत्यांना टेबलावर ठेवण्यासाठी नव्या गाड्यांच्या तयार प्रतिकृती पुरवीत असे. साचे हाताशी होतेच. १९५८ साली त्यांनी 'तीनात एक' असा संच काढला. त्याच पेटीतून कारखान्यातून निघते तशी गाडी करा, हौसेने सजवलेली करा, नाहीतर शर्यतीची करा. तो इतका खपला की पुढची दहा-बारा वर्षे तिकडच्या मुलांनी मोटारी जुळवण्याखेरीज दुसरे काही केले की नाही याची शंका यावी.

इथेच पुढच्या वादाचे बी पडले. अमेरिकेतल्या खऱ्या मोटारी त्या काळी दरवर्षी रूप पालटीत. यंदा दिवे गोल, पुढच्या वर्षी जोडीचे, त्याच्या पुढच्या वर्षी जाळी निराळी. प्रतिकृतीच्या कारखान्याने दरवर्षी नवा साचा कोरला असता तर दिवाळे वाजले असते. म्हणून त्याच साच्याचा काही भाग खोदून, काही भरून, तो नव्या सालाचा करीत. म्हणजे १९६५ ची गाडी निघाली की त्याच पोलादातून १९६६ ची, मग १९६७ ची. शेवटी खऱ्या गाडीचे ते रूपच बंद झाले की साच्याची चाकाची कमान कापून रुंद करीत आणि त्यातून शर्यतीची गाडी काढीत. परिणाम असा की सुरुवातीच्या सालचे रूप कायमचे पुसले गेले. त्या साच्यातून ते पुन्हा काढणे म्हणजे घासून कोरी केलेल्या पाटीवरची जुनी अक्षरे वाचण्यासारखे आहे. ज्यांचा साचा जसाच्या तसा राहिला ते संच पुन्हा पुन्हा निघाले आणि स्वस्त राहिले. ज्यांचा साचा बदलला ते दुर्मिळ झाले, आणि जुन्या न उघडलेल्या पेट्यांना सोन्याचा भाव आला.

साच्यांनी प्रवासही पुष्कळ केला. कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या, एकमेकींत मिसळल्या. पोलाद मात्र टिकले. एएमटीची मालकी १९७८ साली मॅचबॉक्स खेळणी करणाऱ्या इंग्लंडच्या लेझ्नीकडे गेली, ती बुडाल्यावर खेळण्यातल्या ट्रॅक्टरांसाठी नावाजलेल्या अर्टल या अमेरिकन कंपनीकडे, आणि आणखी हात बदलत २०१२ साली राउंड टू या कंपनीकडे. रेव्हेल आणि मोनोग्राम ही दुसरी दोन मोठी घराणी आधी एकत्र आली. त्यांचा मालक हॉबिको २०१८ साली दिवाळखोरीत निघाला, आणि त्या वखारीतले कितीतरी जुने साचे न्यू यॉर्कच्या अटलांटिस या लहानशा कंपनीने विकत घेतले. म्हणूनच आज पेटीवर एक नाव, चित्रावर दुसरे आणि गाडीच्या पोटाला कोरलेले तिसरेच नाव दिसते. नवख्याला ही फसवणूक वाटते. ती फसवणूक नव्हे, तो सातबाऱ्याचा फेरफार आहे.

हाच प्रकार पूर्ण आकारात आपल्या देशाने पाहिला आहे. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीचे तिसरे रूप तिकडे बंद झाले, पण तिचे साचे आणि सामग्री बंगालमधल्या उत्तरपाड्याला आली आणि १९५७-५८ पासून तीच गाडी अॅम्बेसेडर नावाने निघू लागली. ती २०१४ पर्यंत निघत होती. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. त्यांच्या मागे त्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाटची अकराशे डिलाइट बाहेर पडू लागली. तीच पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून अजरामर झाली. टॅक्सी म्हणून नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. आता कोणी सांगावे, अॅम्बेसेडर ही खरी मॉरिस की खोटी? आमच्या तालुक्याच्या रस्त्यांवरून तहसीलदारांना घेऊन धुरळा उडवीत जाणाऱ्या त्या पांढऱ्या गाडीला असा प्रश्न कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आणखी एक गंमत पाहा. २०१७ साली अॅम्बेसेडर हे नुसते नाव फ्रान्सच्या पूजो कंपनीने ८० कोटी रुपयांना विकत घेतले. नावाची एक किंमत आणि साच्याची दुसरी, आणि दोन्ही एकाच घरी नांदतील असा नेम नाही. हे ज्याला कळले त्याला संचांच्या पेट्यांवरची नावे कोड्यात पाडीत नाहीत.

खेळण्यातल्या गाड्यांचे साचेही आपल्याकडे आले होते. मेकॅनोचे नाव जुन्या मंडळींना आठवत असेल. त्याच लिव्हरपूलच्या कारखान्यात डिंकी नावाच्या धातूच्या लहान मोटारी होत. त्यांतले काही वापरून झालेले साचे १९६० नंतरच्या दशकात कलकत्त्यास आले आणि त्यांतून 'निकी टॉइज' नावाने गाड्या निघू लागल्या. तळाच्या पत्र्यावरचे जुने नाव खोडलेले असे, रंग जाड बसलेला असे, दारांच्या रेषा बोथट झालेल्या असत. साचा थकला की असेच होते. त्या वेळी असल्या वस्तूला 'देशी नक्कल' म्हणून नाक मुरडणारे होते. आज युरोपातले संग्राहक याच निकी गाड्या शोधीत फिरतात. लिव्हरपूलचा तो कारखाना १९७९ साली बंद पडला. आणि एअरफिक्सचे म्हणाल तर, २०१० नंतरच्या काही वर्षांत त्याच्या पुष्कळ पेट्यांवर 'भारतात तयार झालेले' असा शिक्का होता. म्हणजे साहेबाच्या पोराने लंडनात उघडलेल्या पेटीतले प्लॅस्टिक इथल्या यंत्रातून पडलेले होते.

आता वादाकडे वळू. न उघडलेली जुनी पेटी कपाटात जपणारा एक संग्राहक असतो. त्याने ती मोठी किंमत देऊन घेतलेली असते. एके दिवशी बातमी येते की अमुक गाडीचा साचा सापडला, दुरुस्त झाला, आणि नवी आवृत्ती जुन्याच चित्रासह बाजारात येत आहे. जुन्या पेटीचा भाव तत्काळ खाली येतो. संग्राहक संतापतो, त्याला वाटते आपल्याला लुबाडले. दुसरीकडे जुळवणारा आनंदाने उड्या मारतो, कारण जी गाडी हाताळायलाही मिळत नव्हती ती आता कापायला, घासायला, बिघडवायलाही परवडते. आमचा कौल उघडपणे या दुसऱ्याकडे आहे. सुटे भाग जुळवण्यासाठी केले होते. ते जुळवलेच नाहीत तर त्या पेटीत आणि विटेत भेद काय? १९३९ साली याच वाशीममध्ये वाकाटक राजा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. त्यावरचे प्रत्येक अक्षर कोणा कारागिराने हाताने कोरलेले आहे, तो एकमेव आहे, आणि त्याला काचेआड जपणे हाच त्याचा मान. यंत्राने एका दिवसात शेकड्यांनी ओतलेल्या चौकटीला ताम्रपटाचा मान देऊ पाहणे हे आम्हांस तरी अतिशयोक्तीचे वाटते.

तरीही संग्राहकाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुन्हा काढलेला संच नेहमीच पहिल्यासारखा असतो असे नाही. साचा झिजला की भागांच्या कडेला प्लॅस्टिकची पातळ पापुद्री सुटते; ती चाकूने खरवडावी लागते. मूळ पेटीतले काही जादा भाग गाळलेले असतात. टायरवर पूर्वी कंपनीचे नाव कोरलेले असे. ते छापण्याचा परवाना आता निराळा घ्यावा लागतो, म्हणून कित्येक आवृत्त्यांत टायर कोरेच येतात. उलट चिकटवायची छापील चित्रे आज पूर्वीपेक्षा पुष्कळच सुबक असतात आणि जुन्या पेटीतल्यासारखी पिवळी पडून तडकलेली नसतात. म्हणजे जुळवायला नवे बरे आणि अभ्यासायला जुने, असा काहीसा प्रकार आहे.

घेणाऱ्याने नेमके काय घेतो आहोत एवढे मात्र ओळखावे. गाडीच्या पोटाला कोरलेले साल हे साचा कोरल्याचे साल असते, पेटीचे नव्हे. या एका गोष्टीवर कितीतरी विक्रेते, जाणून किंवा अजाणता, नवी पेटी जुनी म्हणून खपवतात. पेटीच्या कडेला बारीक अक्षरात आजच्या कंपनीचे नाव आणि पट्ट्यापट्ट्यांचा बारकोड आहे का, पाच-सहा भाषांत सावधगिरीच्या सूचना आहेत का, ते पाहावे. जुन्या साच्यातून काढलेला संच निराळा, आणि कोणी जुन्या भागांवरून रबराचा साचा करून रेझिनमध्ये ओतलेली नक्कल निराळी. साचा कायमचा गेला असेल तर काही कंपन्या जुना न जुळवलेला संच मोजयंत्राखाली धरून संगणकावर त्याची आकृती घेतात आणि नवे पोलाद कोरतात; ही तिसरी जात. ती जुन्यासारखी दिसते, पण तिला पुनर्मुद्रण म्हणता येणार नाही. ती पुन्हा जुळवलेल्या टाइपांची नवी आवृत्ती होय. अरोरा कंपनीचे साचे १९७७ च्या सुमारास रेल्वेने जात असता डबे घसरले आणि त्यांतले काही निकामी झाले, अशी कथा छंदवाले मोठ्या हळहळीने सांगतात. अशा हरवलेल्या साच्यांना आता हा तिसरा मार्ग मोकळा झाला आहे.

जुळवणीबद्दल चार शब्द आमच्या हवेच्या संदर्भात सांगणे अगत्याचे आहे, कारण पेटीतल्या सूचना थंड देशातल्या माणसाने लिहिलेल्या असतात. पॉलिस्टायरीन उकळत्या पाण्याच्या उष्णतेच्या आसपास मऊ पडते, पण पातळ भाग त्याच्या पुष्कळ आधी वाकडे होतात. वैशाखात पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या काचेमागे पेटी ठेवली, तर मोटारीचे छप्पर केळीच्या पानासारखे झालेले आढळेल. रंग फवारायचा तर सकाळी लवकर. दुपारच्या कोरड्या झळीत पाण्यात मिसळणारा रंग भागापर्यंत पोहोचण्याआधीच हवेत वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. उलट श्रावणातल्या दमट हवेत लवकर उडणाऱ्या चकचकीत रंगावर पांढुरका धुरकट थर चढतो. चिकटवायच्या द्रवाचा वास डोक्याला लागतो. खिडकी उघडी ठेवावी आणि लहान मुलाला हे काम एकट्याला देऊ नये. सगळ्यांत चोरटा शत्रू म्हणजे टायर. जुन्या मऊ टायरांतला एक तेलकट अंश हळूहळू बाहेर येतो आणि ज्या प्लॅस्टिकला टायर टेकला असेल ते खातो. वर्षांनंतर पाहावे तर चाक टायरात वितळून बसलेले. चाकावर आधी रंगाचा थर द्यावा, आणि न जुळवलेल्या पेटीत टायर निराळ्या पिशवीत बांधून ठेवावेत. न उघडलेल्या मौल्यवान पेट्यांचे नुकसान हाच टायर आतल्या आत करीत असतो, आणि पेटी न उघडण्याचा नेम असल्यामुळे मालकाला ते कळतही नाही.

ज्याला परदेशी मोटारीत रस नाही, त्याने काय करावे? आपल्या राज्यात एसटीच्या प्रतिकृती करणारी तरुण मंडळी ठिकठिकाणी आहेत. पुठ्ठा, फोमची शीट, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, जुन्या खेळण्यांची चाके एवढ्यावर ते लाल गाडी उभी करतात; आत आसने, वर सामानाची शिडी, दारावर आगाराचे नाव. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली; तेव्हापासून तिची किती रूपे बदलली, हे या मुलांना तोंडपाठ असते. त्यांच्यापाशी पोलादाचा साचा नाही, म्हणून प्रत्येक गाडी एकेकटी होते आणि दुसरी हवी तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. श्रमाच्या दृष्टीने ते संच जुळवणाऱ्याच्या कितीतरी पुढे आहेत. परंतु जुळवणाऱ्याकडून घेण्यासारखी एक गोष्ट त्यांच्यासाठी आहे, ती म्हणजे प्रमाणाचा काटेकोरपणा. नजरेने केलेली गाडी दुरून शोभते, पण दुसऱ्याच्या गाडीशेजारी ठेवली की एक बुटकी आणि एक उंच दिसते. सर्वांनी एकच प्रमाण धरले आणि मापे लिहून ठेवली, तर एकाचे चाक दुसऱ्याच्या गाडीला बसेल, आणि लाल गाडीचा साचा कोरायचे कोणी मनावर घेतलेच तर त्याला नकाशा आयता मिळेल. काम अवघड नाही. गाडी आगारात उभी असता परवानगी काढून टेप लावावा, दाराची रुंदी, खिडक्यांचे अंतर, चाकाचा व्यास, सगळे वहीत उतरवावे आणि पंचवीसने भागावे. अकरा मीटरांची गाडी चव्वेचाळीस सेंटिमीटरांची होते.